भिंतीवरची फटफटी

चंद्रपूर महाराष्ट्रात आहे, पण त्याला जवळचा समुद्र महाराष्ट्राचा नाही. मुंबईचा किनारा इथून सरळ रेषेत मोजला तरी साडेसहाशे किलोमीटरांच्या पलीकडे राहतो. बंगालचा उपसागर त्या मानाने बराच अलीकडे आहे. पाण्यालाही हे ठाऊक आहे. वर्धा आणि वैनगंगा गडचिरोलीत चपराळ्याजवळ एकत्र येतात, त्यांची प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि सगळं पाणी पूर्वेकडे निघून जातं. साग, बांबू, मोह आणि धानाच्या बांध्या असलेल्या या मुलखात वाळूचे किनारे फक्त नदीला आहेत. तरीही इथल्या यात्रेच्या मैदानावर जो खेळ सर्वांत मोठा आवाज करतो, त्याचं मूळ थेट समुद्रकाठी सापडतं. त्या खेळाला सगळीकडे ‘मौत का कुआँ’ म्हणतात.

इथला जत्रांचा हंगाम धानाच्या मागोमाग येतो. दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. पुढे चिमूरची घोडायात्रा, महाशिवरात्रीला वैनगंगेकाठी मार्कंडा, आणि चैत्रात चंद्रपूरची महाकाली यात्रा. महाकालीला मराठवाड्यातून आणि तेलंगणातून लोक लोटतात. अशा मोठ्या यात्रांच्या मैदानांवर आकाशपाळणा, ब्रेकडान्स, जादूचे तंबू आणि कुआँ फिरत असतात. ट्रकमधून फळ्या उतरतात, लोखंडी सांगाडा उभा राहतो आणि काही दिवसांत जमिनीच्या वर एक विहीर तयार होते. पाणी नसलेली, खोदलेली नसलेली, उभारलेली विहीर. आठ-दहा मीटर व्यासाची, दोन मजली घराएवढी उंच. प्रेक्षक जिन्याने वर चढून काठावरच्या फळीवर उभे राहतात आणि आत वाकून पाहतात.

खाली एक मुलगा सायलेन्सर काढलेली मोटरसायकल सुरू करतो. तळावर दोन फेऱ्या, मग कडेच्या तिरप्या फळ्यांवर एक-दोन, आणि मग तो भिंतीवर असतो. जमिनीला जवळजवळ आडवा, काठाकडे चढत येणारा. पायाखालची फळी थरथरते. तो हात सोडतो. एका अंगावर बसतो. काठावरून कुणी नोट पुढे धरली तर ती अलगद उचलून नेतो. पुष्कळ ठिकाणी त्याच्या मागोमाग एक जुनी मारुती ८०० सुद्धा भिंतीवर चढते आणि दोन्ही वाहनं एकाच वेळी, वर-खाली, फिरत राहतात.

हे कसं होतं, हे समजून घेतल्यावर आश्चर्य कमी होईल असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. जितकं उलगडत जातं तितकं ते जास्त अद्भुत वाटतं.

कोणतीही हलती वस्तू सरळच जाऊ पाहते. मोटरसायकलही दर क्षणी सरळ जाऊ पाहते, पण समोर भिंत आहे आणि भिंत वळत गेलेली आहे. त्यामुळे भिंत तिला सतत आतल्या बाजूला, विहिरीच्या मध्याकडे ढकलत राहते. भिंतीने चाकाला जेवढं ढकललं तेवढंच चाक भिंतीला दाबतं. आणि जिथे दाब आहे तिथे घर्षण आहे. रबर लाकडाला धरून ठेवतं. हे घर्षण वरच्या दिशेने काम करतं, पृथ्वी खाली ओढते, आणि दोघांची बरोबरी झाली की गाडी पडत नाही. म्हणजे गाडीला वर धरणारी गोष्ट तिचा वेगच आहे. वेग वाढला की दाब वाढतो, दाब वाढला की पकड वाढते. ज्या वेगाला आपण धोका समजतो, तोच इथे आधार आहे. हळू जाणं सर्वांत धोक्याचं.

किती वेग लागतो, तो गणिताने काढता येतो आणि हे गणित अकरावीच्या मुलाला जमेल इतकं सोपं आहे. विहिरीची त्रिज्या साडेचार मीटर धरा आणि कोरड्या लाकडावर रबराची पकड ०.८ धरा. किमान वेग येतो ताशी सुमारे २७ किलोमीटर. बस, एवढाच. गावातल्या रस्त्यावर स्कूटर चालवतो तेवढा. त्याखाली गेलं तर घसरण सुरू. पण पाऊस पडून फळ्या ओल्या झाल्या आणि पकड निम्म्यावर आली, तर तोच आकडा ३८ वर जातो. अवकाळी सरी आल्या की कुआँ बंद ठेवणं शहाणपणाचं का, हे या दोन आकड्यांत आहे.

या गणितातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्यात नसलेली गोष्ट. उत्तरात वजन कुठेच येत नाही. शंभर किलोची मोटरसायकल आणि साडेसहाशे किलोची मारुती, दोघींना भिंतीवर टिकायला वेग तोच लागतो. गाडी जड असेल तर पृथ्वी तिला जास्त ओढते खरी, पण ती भिंतीलाही तितकीच जास्त दाबते, आणि दोन्ही हिशेब एकमेकांत मिटून जातात. कार भिंतीवर चढते हे पाहून आपण तोंडात बोट घालतो, पण निसर्गाच्या लेखी तो वेगळा चमत्कार नाहीच. त्याला गाडीचं वजन विचारण्याची गरजच पडत नाही.

फरक पडतो तो विहिरीला. ताशी ४० च्या वेगाने फिरणारी मारुती तिच्या चालकासह भिंतीवर जवळजवळ दोन टनांचा जोर टाकते, आणि हा जोर एका जागी नसतो. अडीच सेकंदांत एक फेरी, म्हणजे दर अडीच सेकंदांनी प्रत्येक फळीवरून हा भार सरकून जातो. फळ्या बाहेर फेकल्या जायला हव्यात. त्यांना आवळून धरतात बाहेरून फिरवलेले लोखंडी दोर नि पट्टे, बैलगाडीच्या चाकावर तापवून बसवलेली धाव जशी लाकडाचे तुकडे एकजीव धरते तसे. काठावर उभं राहिल्यावर पायाला जी थरथर जाणवते ती ढिलाईची असेलच असं नाही. थोडं लवणं हा लाकडाचा गुण आहे. दणका आला की लाकूड तो थोडा गिळतं, वाटून घेतं. शिवाय ते सुटं करून ट्रकात घालता येतं आणि तुटलेली फळी गावच्या सुताराकडूनही बदलून मिळते.

आता चालकाकडे पाहू. बहुतेक प्रेक्षकांना वाटतं की तो अगदी आडवा असतो. नीट पाहिलं तर त्याचं डोकं चाकांपेक्षा थोडं वर असतं. ताशी ४० च्या वेगाला हा कल सुमारे २० अंशांचा भरतो. हा कल त्याने शोभेसाठी घेतलेला नाही. भिंतीचा दाब आणि घर्षणाचा आधार मिळून जी एक तिरपी दिशा तयार होते, तिच्याच रेषेत त्याला राहावं लागतं, नाहीतर गाडी एका बाजूला कलंडेल. वेग वाढवला की तो आणखी आडवा होतो, कमी केला की उठतो. म्हणजे त्याच्या अंगाचा कोन पाहून त्याचा वेग ओळखता येतो.

आणि या तिरप्या दिशेतच खेळाचं खरं रहस्य आहे. त्या मुलाला ‘खाली’ म्हणजे विहिरीचा तळ वाटत नाही. त्याचं ‘खाली’ त्याच्या चाकांकडे असतं. त्याचं रक्त तिकडे ओढलं जातं, त्याचा शर्ट तिकडे दाबला जातो, आणि पेट्रोलही. टाकीतलं पेट्रोल टाकीच्या तळाशीच बसतं, कार्ब्युरेटरमधला तरंगता गोळा आपल्या नेहमीच्या पातळीवरच तरंगतो. गाडी आडवी झाली आहे हे आपल्याला दिसतं, इंजिनाला ते कळतच नाही. त्याच्या दृष्टीने रस्ता सपाट आहे, फक्त सगळं काही जवळजवळ तिप्पट जड झालेलं आहे. ६० किलोचा मुलगा त्या सीटवर १७५ किलोंपेक्षा जास्त भार होऊन बसलेला असतो. मान ताठ ठेवायला, हात वर उचलायला, काठाकडे हात लांबवून नोट घ्यायला त्याला तेवढ्याच पटीने ताकद लागते. ती नोट उचलणं हे हलकं काम दिसतं, पण त्या क्षणी त्याचा हात लोखंडाइतका जड असतो. वेग ताशी ५० वर नेला तर हा आकडा चारपटीच्या पुढे जातो. इतका भार काही वेळ टिकला तर डोक्याकडे रक्त कमी पोहोचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागते. लढाऊ विमानांचे वैमानिक याच कारणासाठी पाय आणि पोट आवळणारा खास पोशाख घालतात. यात्रेतला मुलगा जीन्स आणि चपलांवर असतो.

चक्कर का येत नाही? आपल्या कानाच्या आत तीन बारीक वळणदार नळ्या आहेत, त्यांत द्रव आहे. डोकं फिरू लागलं की द्रव मागे राहतो आणि मेंदूला ‘फिरतो आहेस’ असा निरोप जातो. पण एकाच वेगाने फिरत राहिलं तर काही सेकंदांत द्रवही सोबत फिरू लागतो आणि निरोप थांबतो. खरा गोंधळ सुरुवातीला आणि थांबताना. म्हणून भिंतीवरून उतरणं हे चढण्याइतकंच कसबाचं काम आहे. फिरत असताना डोकं झटक्यात वळवलं तर नळ्यांत भलतीच उलथापालथ होते. म्हणून तरबेज चालकांची मान पाहा, ती फार कमी हलते. हे त्यांना कुणी शरीरशास्त्र शिकवून सांगितलेलं नाही. बरंचसं अंगाला कळलेलं आहे, उस्तादाकडून शागिर्दाकडे आलेलं.

कुआँ चालवणाऱ्यांचा लाडका घोडा म्हणजे यामाहा आरएक्स १००. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, वजन शंभर किलोंच्या आसपास, आणि ॲक्सिलरेटर पिळल्याबरोबर उसळी. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात एक स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एक. तिरप्या फळ्यांवरून भिंतीवर जाताना लागणारा झटपट जोर त्यातून मिळतो. ही गाडी भारतात १९८५ ते १९९६ एवढीच बनली. म्हणजे आज भिंतीवर दिसणारी सर्वांत नवी आरएक्ससुद्धा पंचविशी ओलांडलेली आहे. मारुती ८०० चं उत्पादनही २०१४ च्या सुरुवातीला थांबलं. कुआँ बंद पडत चालल्याच्या गोष्टीतलं हे एक मोठं प्रकरण आहे, त्याकडे येतोच.

आधी समुद्र. न्यूयॉर्क शहराच्या कडेला कोनी आयलंड नावाचा किनारा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे जगातली सर्वांत गजबजलेली करमणुकीची उद्यानं होती. १९११ मध्ये तिथल्या लूना पार्कमध्ये मोटरसायकलींसाठी लहानसा तिरप्या भिंतींचा गोल मार्ग उभा राहिला. पुढच्या चार-पाच वर्षांत भिंती उभ्या होत होत पूर्ण सरळ झाल्या. १९२९ मध्ये हा खेळ इंग्लंडला पोहोचला आणि तिथेही तो आधी समुद्रकाठीच उतरला, साउथएंडच्या कुर्साल उद्यानात. त्याच कुर्सालमध्ये ‘टॉर्नेडो’ स्मिथ नावाचा चालक साइडकारमध्ये सिंहीण बसवून भिंतीवर फिरत असे. आज ब्रिटनमध्ये अशा फिरत्या भिंती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत.

त्याच किनाऱ्यांवर, त्याच गर्दीसाठी, आणखी एक यंत्र वाढलं: पिनबॉल. आपल्याकडे घरोघरी खिळे ठोकलेला बगाटेलचा लाकडी बोर्ड असायचा, त्याचा हा विजेवर चालणारा मोठा भाऊ. १९३१ मध्ये शिकागोच्या डेव्हिड गॉटलिबने ‘बॅफल बॉल’ विकायला काढला. मंदीच्या दिवसांत एका नाण्यात मिळणारी करमणूक म्हणून तो धडाधड खपला. १९४७ मध्ये ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात पहिल्यांदा बोटांनी हलवायच्या पट्ट्या आल्या आणि नशिबाचा खेळ कसबाचा झाला. कायद्याला मात्र हे उशिरा पटलं. न्यूयॉर्क शहरात १९४२ पासून १९७६ पर्यंत पिनबॉलवर बंदी होती, जुगार म्हणून.

पिनबॉलला मी इथे उगाच आणलेलं नाही. काचेखाली फिरणारी ती पोलादी गोळी साधारण ८० ग्रॅमची, २७ मिलिमीटर व्यासाची. ती ज्या पाटावर पळते त्याचा उतार असतो सुमारे साडेसहा अंश. इतक्या कमी उतारावर पृथ्वीची ओढ नवव्या हिश्श्यावर येते. म्हणून गोळी माणसाच्या बोटांना पकडता येईल इतक्या सावकाश घरंगळते. उतार दुप्पट करा, खेळ अशक्य. उतार काढून टाका, खेळ मेला. पिनबॉल हे पृथ्वीची ओढ पातळ करणारं यंत्र आहे आणि कुआँ ती दाट करणारं. एक नवव्या हिश्श्यावर आणतं, दुसरं तिप्पट-चौपट करून दाखवतं. दोन्हीत माणूस ज्या गोष्टीशी आयुष्यभर बांधलेला आहे तिच्याशीच थोडा वेळ झोंबी घेतो, आणि तीही खऱ्या वस्तूंनी, खऱ्या वजनाने.

आकाशपाळणा याच कुळातला. मंडईत अजून हाताने फिरवायचे चार खोक्यांचे लाकडी पाळणे दिसतात. पाळणेवाला एका खोक्यात मुलं बसवली की लगेच समोरचं खोकं भरतो. दोन्ही बाजू तुल्यबळ झाल्या की पृथ्वीची ओढ स्वतःलाच खोडून टाकते, आणि आठ मुलांचा भार एकटा माणूस दिवसभर फिरवू शकतो.

पिनबॉलचा ऱ्हास सगळ्या जगाने पाहिला. १९७८ मध्ये जपानहून ‘स्पेस इनव्हेडर्स’ आला आणि नाणी पडद्याकडे वळली. पिनबॉलच्या पेटीत हजारो सुटे भाग, रोज काहीतरी तुटणारं. रबर झिजतं, तार तुटते, चुंबकाची गुंडाळी जळते. पडद्याच्या खेळाला झिजायला काही नसतं. किनाऱ्यावरच्या दुकानदाराने सोपा हिशेब केला. समुद्राची खारी हवा लोखंडाला आधीच खात होती. १९९९ मध्ये विल्यम्स या सर्वांत मोठ्या कंपनीने पिनबॉल बनवणंच थांबवलं. लोकांना कंटाळा आला एवढंच त्यामागे नव्हतं. दुरुस्त करणारा माणूस महाग झाला आणि दुर्मीळ झाला.

कुआँची गोष्ट मला याच वाटेने जाताना दिसते. प्रेक्षक पहिल्यासारखेच श्वास रोखतात. पण कुआँ म्हणजे अनेक ट्रकांचं भाडं, उभारायला-उतरवायला दिवस, सुतार, मिस्त्री, चालक, आणि तिकीट मात्र खेड्यातल्या माणसाच्या खिशाला झेपेल एवढंच. जुन्या आरएक्सचे भाग शोधायला भंगारबाजार पालथे घालावे लागतात, आणि ही गाडी आता हौशी संग्राहकांनाही हवी झाल्याने चांगली मिळाली तर महागात मिळते. पोलिसांची परवानगी, यंत्रतपासणीचा दाखला, अग्निशमनाचा दाखला. हे असायलाच हवं, त्यात माझ्या मनात काही शंका नाही. करोनाच्या काळात यात्राच भरल्या नाहीत. ज्याचं सगळं उत्पन्न चार महिन्यांच्या यात्रांवर, त्याला असा काळ आला तर फळ्या विकून टाकाव्या लागतात. आणि ज्या मुलाने मामाकडून-काकाकडून हे कसब घ्यायचं, तो आता डिलिव्हरीची गाडी चालवतो. तिथे पगार महिन्याला मिळतो आणि गाडी जमिनीवर चालते. त्याला कोण नावं ठेवणार?

कारण धोका खरा आहे. हेल्मेट बहुधा नसतं, विमा मिळणं कठीण. टायर फुटला, फळीचा खिळा वर आला, तर सगळं गणित एका फेरीत संपतं. या खेळावर प्रेम करणाऱ्यांनीच हे आधी बोललं पाहिजे. कुआँ टिकायचा असेल तर तो चालकाच्या जिवावर टिकू नये. हेल्मेट घालून फिरणारा चालक मला तितकाच थोर वाटेल.

शेजारीच एक वेगळं उदाहरण उभं आहे. याच हंगामात, याच मुलखात, झाडीपट्टीची नाटकं रात्री सुरू होतात आणि पहाटेपर्यंत चालतात. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे त्यांचं केंद्र. तिथे मंडळ्यांची कार्यालयं आहेत आणि गावकरी तिथे जाऊन आपल्या गावासाठी नाटक ठरवतात. सिनेमा आला, टीव्ही आला, मोबाइल आला, नाटक उभंच आहे. गडचिरोलीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. दोन्ही खेळ एकाच गर्दीसमोर होतात, मग एक का टिकतो? माझ्या मते नाटक गावाचं आहे. मंडप गाव घालतं, पाहुणे गाव बोलावतं, नट शेजारच्या तालुक्यातला असतो, बोली ओळखीची असते. कुआँ मात्र ट्रकातून येतो आणि ट्रकातून जातो. त्याचा मिस्त्री, त्याचा उस्ताद, त्याचं ज्ञान, सगळं त्या एका ट्रकावर असतं. तो ट्रक आला नाही तर कुणाला विचारायलाही जायचं ठिकाण नाही.

म्हणून या वर्षी यात्रेत कुआँ दिसला तर तिकीट काढून वर जा, आणि भीती ओसरल्यावर थोडं मोजा. तिकिटवाल्याला विहिरीचा व्यास विचारा. तो फुटांत सांगेल, बहुधा अगदी बरोबर. तीस फूट म्हणाला तर एक फेरी साधारण २८-२९ मीटरांची. मग मनात दहा सेकंद मोजा आणि त्यात चालक किती फेऱ्या मारतो ते पाहा. चार फेऱ्या झाल्या तर त्याचा वेग ताशी ४० च्या थोडा वर आहे आणि तो स्वतःच्या जवळपास तिप्पट वजनाचा झालेला आहे. पाच झाल्या तर ताशी ५० च्या वर, आणि वजन साडेचार पटींच्या वर. सोबत मुलं असतील तर फेऱ्या त्यांना मोजू द्या. खेळ संपल्यावर खाली उतरून विहिरीच्या बाहेरच्या अंगाला एक चक्कर मारा. दोर कसे आवळलेत, कुठली फळी नवी आहे, कुठली कितीदा सांधलेली आहे, ते दिसेल. तिथेच कुणीतरी गाडीची साखळी ताणत बसलेला असतो. पुढचा खेळ सुरू व्हायला वेळ असला तर त्याला विचारा. आरएक्सचे भाग कुठून आणतो, हे त्याच्याइतकं नीट कुणीच सांगू शकणार नाही.